गुलाबाचा खोडवा

आमच्या घरी गुलाब आले ते एका भीतीच्या दिवशी. सासऱ्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरट चट्टा उमटला होता आणि तो दाखवायला आम्ही अंबाजोगाईला गेलो होतो. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तो बराच वेळ न्याहाळला. मग हातमोजे काढत अगदी सौम्यपणे म्हणाले, "आजोबा, हा चट्टा अजून मागे फिरू शकतो. पण तंबाखू आजपासून बंद. उद्यापासून नाही, आजपासून."

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझे यजमान गाडीची किल्ली हातात असूनही सगळे खिसे चाचपत होते. मला भीती वाटली की मी रंगांकडे वळते. हा माझा जुना स्वभाव आहे. रस्त्यापलीकडे एक रोपवाटिका होती. तिच्या हिरव्या जाळीखालच्या ओलसर, पानांच्या श्वासाने जड झालेल्या सावलीत मी शिरले आणि बाहेर आले तेव्हा माझ्यामागे गुलाबाची सहा रोपे चालत येत होती : पिवळा, पांढरा, केशरी, जांभळट, रक्तासारखा गडद लाल, आणि एक असा, की ज्याच्या पाकळीची पाठ पांढरी अन् पोट गुलाबी.

रोपांना डिकीत जागा नव्हती. ती मागच्या सीटवर मामा आणि आत्या यांच्या मधोमध, पायांशी आणि मांडीवर बसली. गाडी केज ओलांडून नेकनूरकडे लागली तरी कोणी बोलेना. काटे मात्र प्रत्येक वळणावर बोलत होते आणि आत्या त्यांना "हूं!" असे उत्तर देत होत्या.

"सोडतो तंबाकू," मामा एकदम म्हणाले. यजमानांनी ब्रेकच दाबला. "पर एक अट हाय. तोंड रिकामं ऱ्हात न्हाई माझं. मी पान खाईन. पानात गुलकंद लागंल. अन् त्यो घरचा लागंल. दुकानातल्यात निस्ती साखर अस्ती."

"आन् घरचा न्हाई भेटला तर?" आत्यांनी विचारले.

"तर मंग माझी डबी हाय की खिशात."

"कुठंय?"

मामांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. मग दुसरा. मग विजारीचा. आत्यांनी पदराच्या गाठीवर हळूच हात ठेवला. डॉक्टर बोलत असतानाच त्यांनी डबी काढून घेतली होती.

"गुलकंदाचं काय, गुलाब मांडीवरच हायत तुमच्या," आत्या म्हणाल्या. "सूनबाईनं कशापायी घेतल्यात मंग?"

ते मी पाहण्यासाठी घेतले होते. पहाटेच्या तिरप्या उजेडात, दवाने जड झालेल्या पाकळीची कड कशी वळते हे पाहण्यासाठी. फुले खाण्यासाठी असतात हा विचार माझ्या शिक्षणात कुठे आलाच नव्हता. पण गाडीच्या आरशात मला मामांचा गाल दिसत होता. "हो आत्या," मी म्हणाले, "गुलकंदासाठीच घेतलेत."

आमचे घर लिंबागणेशच्या बाजूला, गावापासून थोडे सुटे. अंगण मोठे, पण माती अशी की कुदळ मारली की ठिणगी उडावी. मी तालुक्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, तेव्हा माझ्या हाताला कुदळीपेक्षा खडूची सवय. तरी मुरूम उकरून खड्डे घेतले, तळ्यातला गाळ भरला, मामांच्या एका मेंढपाळ मित्राने लेंडीखताची गोणी आणून टाकली, आणि रोपे लागली. पाणी आमच्याकडे मोजून येते. म्हणून तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, कधी आंघोळीचे, असे दुसऱ्यांदा जगणारे पाणी गुलाबांच्या वाट्याला जाई. सकाळी त्या ओल्या आळ्यांतून जो वास उठे त्याला मी नाव शोधत असे. अर्धा मातीचा, अर्धा भाकरीचा. शेवटी नाव सापडले नाही, आणि ते बरेच झाले.

मामांचा दिवस मात्र कठीण जात होता. तंबाखू सुटली तरी हात सुटले नव्हते. डाव्या तळव्यात काहीही नसताना उजवा अंगठा तिथे फिरत राही. घोळून झाले की ते टाळी मारून चुना झटकत, जो नव्हताच, आणि चिमूट उचलून ओठाशी नेत. मग त्यांना आठवे. आठवले की ते अशा नजरेने बोटांकडे पाहत, की मला वर्गात नापास झालेली मुले आठवत. आत्या त्यांना फुटाणे देत, खोबऱ्याचा तुकडा देत, बडीशेप देत.

"मी काय पोपट हाय का गं?" मामा ओरडत.

"पोपट गोड बोलतोय," आत्या उत्तर देत.

तो मेंढपाळ मित्र आला की घरावर संकटच येई. तो ओट्यावर टेके, चंची सोडी आणि तंबाखू मळू लागे. त्याच्या अंगठ्याखालून तो तिखट, उन्हात तापल्यासारखा वास सुटला की मामांच्या नाकपुड्या थरथरत.

"खरंच सोडली व्हय बे?"

"सोडली."

"कावून?"

"डागदर म्हणला."

"माझा बाप मरूस्तोर खात होता."

"कवा मेला?"

मित्र विचारात पडला आणि मग त्याने चंची मुकाट्याने कमरेला खोचली. मामा त्या दिवशी जिंकले. पण मला कळत होते, की रोज असे जिंकता येत नाही. गुलकंद लवकर व्हायला हवा होता.

पहिला बार आला तेव्हा मी फुलांची क्षमा मागितली. अक्षरशः मागितली, प्रत्येक रोपासमोर उभे राहून, हलक्या आवाजात. मग पाकळ्या खुडल्या, खडीसाखरेत थर दिले, काचेच्या बरणीला फडके बांधले आणि ती गच्चीवरच्या उन्हात ठेवली. आमचे ऊन काहीही शिजवू शकते असा माझा समज होता. रोपवाटिकेतले ते देखणे गुलाब मात्र शिजले नाहीत. जाड, मेणचट पाकळ्या साखरेच्या पाकात कपड्याच्या चिंध्यांसारख्या तरंगत राहिल्या. गंध त्यांना मुळात नव्हताच. तो रंगांच्या गडबडीत माझ्या ध्यानात आला नव्हता.

मामांनी पानात घालून एक घास घेतला. बराच वेळ चावला. आम्ही तिघे त्यांच्या जबड्याकडे पाहत होतो.

"कसा आहे?" मी विचारले.

"पुठ्ठा हाय," मामा म्हणाले. "गोड पुठ्ठा."

त्यानंतर एक आश्चर्य घडू लागले. धुण्याच्या दगडाशेजारी पांढरा गुलाब लावला होता. मामा रोज सकाळी त्याच्याजवळ जाऊन बसू लागले. आधी थोडा वेळ. मग चहाही तिथेच. डोळे मिटलेले, मान किंचित पुढे, नाक पानांत. त्यांच्या चेहऱ्यावर इतके समाधान, इतकी निवांत तृप्ती मी कधी पाहिली नव्हती. बाकीच्या रोपांवर मावा पडला, कोवळे शेंडे चिकट होऊन मुडपले. पांढऱ्यावर मात्र एकही कीड नव्हती. त्याच्या पानांवर फिकट तपकिरी शिंतोडे होते, ते मला त्याच्या जातीची नक्षी वाटले.

मी हे सगळे मनात जुळवले. ज्याच्याजवळ माणूस प्रेमाने बसतो ते झाड निरोगी राहते, हे मला फार सुंदर वाटले. उभा जन्म ढेकळांत गेलेल्या, फुलाकडे कधी वळून न पाहिलेल्या माणसाला उतारवयात सौंदर्याची हाक ऐकू आली होती, आणि ती माझ्या अंगणात ऐकू आली होती. मी त्यावर एक दीर्घ कविता लिहिली. गावातल्या महिला मंडळात ती वाचली तेव्हा दोघींनी डोळे पुसले. सकाळी मी मामांच्या शेजारी पाट घेऊन बसू लागले आणि हळू आवाजात त्यांना माझ्या ओळी ऐकवू लागले. ते डोळे न उघडता मान हलवत. असा श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता.

एके दिवशी न राहवून मी विचारले, "मामा, हा पांढरा गुलाब तुम्हाला काय सांगतो?"

मामांनी एक डोळा उघडला.

"खरं सांगू का म्याडम?" चिडवायचे असले की ते मला म्याडम म्हणतात. "ह्याला तंबाकूचा वास येतोय."

हे रूपक असावे असे मला वाटले. मी वाकून त्यांच्या हातातले पान हुंगले. रूपक नव्हते. भाजलेला, कडवट, काळपट वास. चुलीच्या राखेत कोणी काही विसरून गेल्यासारखा. मामांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. मग आम्ही दोघांनी, अगदी एकाच वेळी, धुण्याच्या दगडाकडे पाहिले.

दगडाखालच्या कपारीत मामांनी हात घातला. हाताला पावडरीची जुनी डबी लागली. झाकण उघडले, तर आत काजळासारखी काळी पूड. तेवढ्यात आत्या बादली घेऊन आल्या आणि आम्हाला पाहून दारातच थबकल्या.

"हे काय हाय?" मामांनी विचारले.

"मिशरी."

"कशापायी अस्ती?"

"दाताला लावायची. दात बळकट ऱ्हात्यात."

"ते ठावं हाय. कशाची करत्यात?"

"भाजून करत्यात."

"काय भाजून?"

"तव्यावर भाजून."

"तव्यावर काय?"

"आता समदं माझ्याच तोंडून वदवून घ्या," आत्या म्हणाल्या. "सून हुबी हाय म्होरं, तिची तरी लाज धरा."

मामा उठून उभे राहिले. अंगणात विजय इतक्या मंद गतीने उमलताना मी प्रथमच पाहत होते. "तंबाकू भाजून," ते म्हणाले. "तंबाकू! मला फुटाणे चारती, अन् सोता सकाळच्या पारी दगडावर बसून तंबाकू घासती. अन् थुकती कुठं? म्याडमच्या गुलाबावर! अन् मला एक सांग, ह्यी तंबाकू आणली कुठून?"

आत्यांनी बादली खाली ठेवली आणि पदराची गाठ घट्ट केली.

"माझ्या डबीतली?" मामांचा आवाज चिरकला. "माझी तंबाकू तू भाजली?"

"मंग वाया घालू का?" आत्या म्हणाल्या.

माझ्या दीर्घ कवितेचे काय करायचे हा प्रश्न त्या क्षणी मला फार मोठा वाटला. ती महिला मंडळाच्या वार्षिकात छापायला गेली होती. पण त्याहून मोठा प्रश्न मामांनी पुढच्याच वाक्यात उभा केला. "ही लावती तर मी कावून सोडू? संक्रांतीस्तोर थांबतो. तवर हिची मिशरी सुटली पाहिजे, अन् मला खरा गुलकंद भेटला पाहिजे. न्हाई तर संक्रांतीच्या सकाळी मी दुकानात जातो अन् पुडी घेतो. मंग कुणी आडवं यायचं न्हाई."

"मला बी गुलकंद लागंल मग," आत्या लगेच म्हणाल्या. "मिशरी सोडल्यावर माझं तोंड काय रिकामं ठिवू?"

अशा रीतीने दोन माणसांची तोंडे सहा बिनवासाच्या झाडांवर येऊन पडली. रात्री मी यजमानांना सगळे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "चट्ट्याला संक्रांत कळती का?" आणि दिवा मालवला. मला बराच वेळ झोप आली नाही.

दिवाळीत भाऊबिजेला मी माहेरी गेले. जाताना मामांना म्हणाले, "झाडांना थोडं पाणी घाला. बाकी काही करू नका." तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज उत्साहाने नुसता ओसंडत होता. "झाडायची काळजी करू नगा. मी समदी यवस्था लावली."

व्यवस्था हा शब्द ऐकताच मी पिशवी भरायला घेतली. मी संध्याकाळच्या गाडीने परतले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मामा आणि आत्या तरुणपणी ऊसतोडीला जात. आमच्या भागातली कितीतरी घरे अजूनही दसऱ्यानंतर जातात. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. तो तोडतो, ती मोळी बांधते. पुढे विहिरीला थोडे पाणी लागले तेव्हा मामांनी स्वतःच्या रानातही ऊस केला. त्यामुळे कोणत्याही उभ्या झाडाकडे ते उसाच्या दृष्टीने पाहतात. ऊस एकदा तोडला की त्याच्या बुडख्यातून पुन्हा फुटवा येतो; त्या दुसऱ्या पिकाला खोडवा म्हणतात. मामांच्या मते खोडव्याचा गूळ लागणीच्या पहिल्या उसाहून गोड निघतो.

मी फाटक उघडले. अंगणात गुलाब नव्हते. जिथे ते होते तिथे जमिनीशी अगदी सपाट छाटलेले बुडखे होते, वरून हात फिरवावा तर बोट अडखळू नये इतके सफाईदार. दोन्ही बाजूंनी माती फोडून खत दिलेले, पाणी पाजलेले. आणि भिंतीकडेला, काटेकुटे आणि पानांसह, गुलाबाच्या फांद्यांच्या सहा देखण्या मोळ्या ओळीने रचून ठेवलेल्या. प्रत्येकीला गुलाबाच्याच फांदीच्या सालीचा बंद आवळलेला. आत्यांच्या दोन्ही हातांवर ओरखड्यांची जाळी उमटली होती आणि चेहऱ्यावर अशी टवटवी होती, की मला क्षणभर ओळखूच आल्या नाहीत.

"लई दिसांनी कोयता लागला," त्या म्हणाल्या. "ह्यांचा हात अजून तसाच हाय. एका घावात."

"मामा," मी म्हणाले.

"पयल्या पिकाला गोडी नव्हती," मामा समजावू लागले. "लागण कच्ची व्हती. आता खोडवा बघा. वास बी यील अन् गोडी बी यील. संक्रांतीच्या आत."

"गुलाब म्हणजे ऊस नाही हो मामा!"

"कावून न्हाई? पेरं हाय, डोळा हाय, बुडखा हाय. अजून काय पाहिजे?"

मी घरात जाऊन उशीत तोंड खुपसले. बाहेरून मला दोघांचे बोलणे ऐकू येत होते. "लई हळवी हाय," आत्या कुजबुजत होत्या. "उसाच्या पट्ट्यात दिली असती तर कसं झालं असतं हिचं?" आणि मग दोघे हसले. तंबाखू सुटल्यापासून ती दोघे एकत्र हसल्याचे मी ऐकले नव्हते. उशीत तोंड असतानाच मला ते जाणवले, आणि रडण्यातली निम्मी हवा निघून गेली.

थंडी पडू लागली तशी जमिनीतून तांबूस कोंब वर आले. मी प्रत्येक बुडख्याशी पाटी रोवली : पिवळा, पांढरा, केशरी, जांभळट, लाल, दुरंगी. पहाटे शाल पांघरून मी कोंबांशी बोलत असे, कविता मात्र ऐकवत नसे. त्या बाबतीत माझा आत्मविश्वास गेला होता. फुटवा जोमाचा होता, काडीला लव, पान खरबरीत. सगळ्यांची पाने एकसारखी दिसू लागली तेव्हा लहानपणी सगळी बाळे सारखीच दिसतात, अशी मी समजूत घातली. मग कळ्या आल्या. त्याही सारख्या. मी मनाला सांगत राहिले, की रंग शेवटी येतो.

पहिली उमलली ती पिवळ्याच्या पाटीमागची. गुलाबी होती. दुसऱ्या दिवशी पांढरा उमलला, गुलाबी. केशरी गुलाबी, लाल गुलाबी. चुरगळलेल्या रेशमासारखी, भरगच्च, थोडी विस्कटलेली, अगदी साधी फुले.

मामा पाठीशी हात बांधून एकेका पाटीपुढे थांबत गेले. "खोडव्याला रंग उतरतोय थोडा," ते गंभीरपणे म्हणाले.

मी रोपवाटिकेला फोन लावला. तिथला माणूस आधी मनसोक्त हसला. मग म्हणाला, की मॅडम, रंगीत गुलाबाचा डोळा आम्ही गावठी गुलाबाच्या खुंटावर भरतो, कलमच असते ते. तुम्ही वरचा डोळाच छाटून टाकला, मग खालचा खुंटच फुटणार. आता तुमच्याकडे सहाही गावठी.

फोन ठेवला आणि मग तो वास आला. वारा पडलेला होता, ऊन नुकतेच ओट्यावर चढत होते. आधी मधासारखे काहीतरी, मागून किंचित तिखट, लवंगेच्या जवळ जाणारे, आणि सगळ्यांत तळाशी ओल्या सुती कापडाचा थंडावा. रोपवाटिकेच्या त्या सहा रूपवंतांनी मिळून जे दिले नव्हते ते एकेका चुरगळलेल्या फुलात होते. आत्या फुलापाशी वाकल्या, वाकूनच राहिल्या. मामांनी नाक लावले, सवयीने डोळे मिटले, आणि या वेळी मी त्यांना काहीही विचारले नाही.

पाकळ्या रोज पहाटे खुडायच्या, ऊन चढायच्या आत. आम्ही तिघे खुडत असू. पाकळ्या हाताला इतक्या पातळ लागत की बोटांत काही आहे की नाही हे वासावरूनच कळे. बरणीत खडीसाखर, पाकळी, खडीसाखर, थोडी वेलची. गच्चीवर बरणी ठेवली की मामा तिच्याजवळ राखणीला बसत, जसे रानात डुकरांसाठी बसत. आत्यांची मिशरीची डबी मात्र अजून कपारीत होती. त्या ती रोज पाहत, उघडत नसत. मी पांढऱ्याची पाने गुपचूप हुंगून खात्री करत असे.

संक्रांतीला तीळगूळ वाटून झाला, आणि मामा चपला घालून फाटकाकडे निघाले. त्यांनी फाटकाची कडी काढली. मग मागे वळून ओरडले, "पान कोण आणणार मग? निस्ता गुलकंद चाटू का?"

ते विड्याची पाने घेऊन आले. आत्यांनी बरणी उघडली. पाकळ्यांचा आणि साखरेचा मिळून एक गडद, विटकरी, चकाकता लगदा झाला होता. चमचा त्यात रोवला तर उभा राहत होता. मामांनी पानाच्या पोटात तो भरला, घडी घातली आणि गालात सारला. त्याच गालात.

"पुठ्ठा?" यजमानांनी विचारले.

मामांनी हात वर करून त्यांना गप्प बसवले. ते बराच वेळ चघळत राहिले. मग दुसरे पान लावले आणि ते आत्यांपुढे धरले. "धर. अन् ती डबी आण इकडं." आत्यांनी पान तोंडात टाकले आणि डबी आणून दिली. मामांनी मिशरी पाण्यात कालवली आणि नव्या फुटव्याच्या मावा पडलेल्या शेंड्यांवर शिंपडून टाकली. मावा दोन दिवसांत गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही पुन्हा अंबाजोगाईला गेलो. गाडीत कोणी गप्प बसले नव्हते. खोडव्याचा निडवा, म्हणजे तिसरे पीक घ्यायचे की नाही यावर मामा आणि आत्या यांचे केजपर्यंत भांडण चालले होते, आणि मी कोयता माहेरी नेऊन ठेवण्याची धमकी देत होते. दवाखान्याचे दार दिसले तशी दोघांची वाक्ये अर्ध्यावर तुटली.

डॉक्टरांनी मामांचा गाल तपासला. या बाजूने, त्या बाजूने, बोट फिरवून. "चट्टा फिकट झालाय," ते म्हणाले. "बराच. अशीच बंद ठेवा, तीन महिन्यांनी परत दाखवा."

मामा खुर्चीतून उठले, पण निघाले नाहीत. त्यांनी आत्यांचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवले.

"आता हिचं बघा."

"माझं काय बघायचं?" आत्या पदर ओढून घेत म्हणाल्या. "मला काय झालंय?"

"मिशरी लावत व्हती. लई वर्सं. माझ्या आधीपासून." मामांचा आवाज एरवीसारखा खणखणीत नव्हता. "चट्टा मला निघाला म्हणून मला धरलं समद्यांनी. हिच्या तोंडात कुणी बघितलंच न्हाई, डागदर."

खरोखरच बघितले नव्हते. इतके महिने आम्ही आत्यांच्या मिशरीवर हसत होतो, मीही.

आत्यांनी डोळे घट्ट मिटले आणि हळूहळू तोंड उघडले. डॉक्टरांनी बॅटरी लावली. उजवा गाल, डावा गाल, जिभेखाली. मामा खुर्चीच्या पाठीला धरून इतके वाकले होते, की त्यांचे डोके डॉक्टरांच्या डोक्याला लागत होते.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "काही नाही. स्वच्छ आहे."

"मागच्या बाजूनं बघा. दाढंच्या मागं."

"पाहिलं आजोबा."

"अजून एकदा बघा."

डॉक्टरांनी पुन्हा पाहिले. मग बॅटरी विझवली, मान वर केली, आणि आत्यांकडून मामांकडे, मामांकडून माझ्याकडे पाहत राहिले.

"काही नाही म्हटलं ना," ते म्हणाले. "मिटा आता तोंडं. तिघंही."